जात्याखालचं पेव

लढाई जळकोटला कोणत्या दिवशी आली, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. तोफ ऐकू आली नाही, गोरा शिपाई दिसला नाही. ती आली कल्याणप्पाच्या दुकानाच्या फळीवरून, आणि काही घेऊन आली नाही. एकेक वस्तू घेऊन जायला आली. आधी सुया गेल्या. मग आगपेट्या गेल्या, तेव्हा बायका शेजारणीच्या चुलीतला विस्तव गोवरीवर धरून घरी नेऊ लागल्या. मग मांजरपाट गेलं. घासलेट चिठ्ठीवर मिळू लागलं, आणि जे मिळे त्यानं दिवा असा तडतडे की लेकरं टाळ्या पिटत. सन त्रेचाळीस सरता सरता ज्वारीही दिसेनाशी झाली, तेव्हा टाळ्या थांबल्या.

कल्याणप्पा हा गावातला वजनदार लिंगायत वाणी. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, जिभेवर साखर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण वाईट माणसांच्या गोष्टी वाचून वाचक निर्धास्त होतात. तो देवाला भ्यायचा, तहसीलला भ्यायचा, आणि सगळ्यांत जास्त उद्याला भ्यायचा. बाकी लढाईचं कारण समजावून सांगण्यात त्याचा हात धरणारा नव्हता.

"काय न्हाय रे, बांधाचं भांडण हाय," पुडी बांधता बांधता तो म्हणायचा. "जर्मनीनं शेजाऱ्याचा बांध कोरला. शेजारी भ्यालं, त्यानं कुऱ्हाड पाजळली. ते बघून जर्मनी भ्यालं, त्यानं दोन पाजळल्या. मग पल्याडचा जपान म्हणला, सगळेच पाजळाय लागलेत तर मीच का बसू?"

"आन् ह्यात आमचं मीठ का महागलं, आप्पा?"

"भांडणाऱ्याला बी दोन येळा भाकर लागती, बाबा. ती कुणाच्या तरी चुलीवरनंच उचलायची."

कारण अगदी बरोबर होतं. फक्त ते सांगणाऱ्यालाही लागू पडतं, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या साली पीक काही बुडालं नव्हतं. पण निजाम सरकारची लेव्ही येणार, पिकाचा ठरलेला वाटा घालावा लागणार, अशी बातमी आली आणि एकानं दोन पोती दडवली. ते कानावर आलं म्हणून दुसऱ्यानं चार दडवली. कल्याणप्पानं पेव भरलं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं सुटलेलं पोट, भिंतींना कडब्याचं अस्तर. गावाची पेवं वेशीजवळच्या उंचवट्यावर होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कल्याणप्पाच्या माजघरात मात्र त्याच्या आज्याच्या काळातलं एक बुजवलेलं पेव होतं. ते त्यानं चैत्रात गुपचूप उकरलं, गळ्याखाली पुरुषभर जागा सोडून भरलं, तोंडावर फरशी टाकली, फरशीवर माती लिंपली, शेणानं सारवलं आणि वर जातं मांडलं. ठाऊक होतं ते घरातल्यांनाच: त्याला, बायको गंगम्माला, मुलगा सोमलिंगला आणि सून नीलम्माला.

नीलम्मा आळंदकडची. लग्नाला दोन वर्षं झालेली, अंगानं काडी, बोलणं कमी. रोज पहाटे ती खालच्या ज्वारीच्या डोक्यावर बसून वरची ज्वारी दळायची.

पौषातल्या एका सकाळी ती अशीच दळत होती. दारात शेजारची जैनबबी आली. तिचा नवरा हैदर पलटणीत होता. सिंगापूर पडलं तेव्हापासून त्याचं पत्र नाही, पगाराची मनीऑर्डरही धड येत नव्हती. मेला म्हणावं तर कागद नाही, जिता म्हणावं तर खूण नाही. लोक तिच्याशी बोलताना तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत, आणि ती ते बघणं बघत असे.

"गंगम्माक्का, दो सेर जवारी देव. मनीआर्डर आली की पयलं तुमच्या उंबऱ्यावर आणून टाकते."

"कुठली आलीय ग जवारी?" गंगम्मा चौकटीला हात लावून उभी राहिली. "आमच्यातच अंबाडी उकडून खायची पाळी आलीय."

जैनबबीनं आतल्या घरघरीकडे कान दिला. "अंबाडी बी दळूनच खाता व्हय, अक्का?"

हसत म्हणाली आणि तशीच निघून गेली. आत नीलम्माचा हात खुंट्यावर थिजला.

"थांबू नगंस," सासू दबक्या आवाजात म्हणाली. "जातं थांबलं की माणसं इचार कराय लागत्यात."

दुपारी कल्याणप्पा दुकान अर्धवट मिटून घरात शिरला. तोंडावरची विभूती घामानं ओघळलेली. आल्या आल्या त्यानं दाराला आतून अडणा घातला.

"अणदूरला लेव्हीचं पथक आलंय. एकाचं माजघर पहारीनं खणलं म्हणं. बेड्या घालून भर बाजारपेठेतनं चालवत नेला त्येला. आता जळकोट."

"कवा?" गंगम्मानं विचारलं.

"मला काय हुकूम दावून येणार हायत व्हय? उद्या येतील, परवा येतील." तो जात्याकडे बघत होता. "आज नळदुर्गचा बाजार. गल्ली मोकळी हाय. आत्ताच काढायची सगळी. गाडीत तळाला पोती, वरनं कडबा. नाका वलांडला की इंग्रजी मुलूख. सोलापूरचं गिऱ्हाईक तयार हाय, रोख कलदार रुपये देणारं."

"पर उतरणार कोण?" सोमलिंग म्हणाला.

इथं लढाईचा आणखी एक हिशेब समजून घेतला पाहिजे. जळकोटची पेवं उघडायचा बिरदेव. बंद पेवात कोंडलेली हवा माणसाला हाक मारायचीही उसंत देत नाही, हे तो जाणून होता. तो फरशी काढायचा आणि पेव दिवस-रात्र उघडं टाकायचा. मग दोरीला बांधून दिवा खाली सोडायचा. दिवा तळाला जाऊन जळत राहिला तरच लंगोट कसायचा. विझला तर पुन्हा बसून विडी ओढायचा, मालक कितीही ओरडो. गेल्या साली बिरदेव सरकारी मजुरांच्या टोळीत भरती होऊन आसामात सडक बांधायला गेला. पोटासाठीच गेला. त्याच्याबरोबर गावाची ती सवयही गेली.

"दीस-रात उघडं ठेवाय पायजे, अप्पा," सोमलिंग म्हणाला.

"आन् त्यो वास? उघडलेल्या पेवाचा वास वेशीपातूर जातोय. मग दवंडीच पिटू की! खिडकीला घोंगडं लाव."

घोंगडं लागलं. जातं सरकलं. पहारीनं फरशी उचलली तसा आतून उबट, आंबूस वास असा वर आला की गंगम्मानं पदर नाकाला लावला. काळोख्या तोंडातून खाली काहीच दिसेना. चौघंही वाकून बघत होती आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

शेवटी कल्याणप्पानं सुनेकडे पाहिलं.

"पोरी, तू अंगानं बारीक हायस. मी आन् सोमा दोरी धरतो. त्यो उतरला तर त्येला वर कोण वढंल? दोन-चार पाट्या भरून दे, मग बघू."

हिशेब चोख होता. दोरी ओढायला ताकद हवी, उतरायला बारीक अंग हवं, आणि बाहेरचा माणूस नको. बेरीज सुनेवर येत होती.

गंगम्मा पुढे झाली. तिनं नीलम्माचा दंड धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "दिवस गेल्यालं न्हाईत न्हवं ग?"

"न्हाय."

"मग उतर."

त्या दोन शब्दांतला हिशेब नीलम्मानं मनात मांडला. नातू असता तर आपण वर राहिलो असतो. नाही, म्हणून आपण खाली.

"आधी दिवा सोडू," ती म्हणाली.

एवढं मात्र सगळ्यांना पटलं. तिनं चिमणी भरून आणली, पेटवली, मडक्यात ठेवली. सोमलिंगनं दोरीनं मडकं खाली सोडलं. ज्योत पेवाच्या गळ्यापर्यंत नीट गेली, मग पिवळी पडली, मग तिळाएवढी झाली आणि गेली.

"वारं लागलं," कल्याणप्पा म्हणाला.

बंद घरात, घोंगडं लावलेल्या खिडकीत कसलं वारं? सोमलिंगनं पुन्हा पेटवून सोडली. पुन्हा गेली, त्याच जागी.

"अरे, घासलेटच भेसळीचं हाय!" कल्याणप्पा चिडला. "तळाला निम्मं पाणी. ते वर बी धड जळत न्हाय, खाली काय जळतंय? माझ्याच दुकानातलं, मला म्हाईत न्हाय व्हय?"

बोलून गेला. गावभर ज्या तडतडणाऱ्या दिव्यांना लेकरं टाळ्या पिटत होती, त्यांचं कारण पहिल्यांदाच त्याच्या तोंडून घरात मोठ्यानं उच्चारलं गेलं. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. खोटं घासलेट विकून विकून त्याला खरा दिवाही खोटाच वाटू लागला होता.

नीलम्मा मान खाली घालून उभी होती. सासऱ्यासमोर तिनं आजवर 'व्हय' शिवाय शब्द काढला नव्हता.

"मामंजी," ती म्हणाली, "ह्यो दिवा म्या देवळीतल्या बाटलीतनं भरलाय. आपल्या घरच्या. त्यात पाणी न्हाय."

 घरासाठी चोख घासलेटाची बाटली वेगळी काढून ठेवली होती ती खुद्द कल्याणप्पानं.

"म्या उतरत न्हाय," नीलम्मा म्हणाली. "आन् कुणीच उतरू नका. उद्यापातूर पेव उघडं ठेवा. मग बघू."

"उद्या!" कल्याणप्पाचा आवाज फाटला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रडकुंडीला आला होता. "उद्या माझ्या हातात बेड्या बघाय ऊठ मग! ह्या वयात मला गावातनं चालवत नेतील ग. दुकान जाईल. थुंकतील लोक."

"सोमा," गंगम्मा म्हणाली, "बाप रडतोय. तू बस बायकोच्या पदराखाली."

एवढं वाक्य पुरलं. लढाया सुरू व्हायलाही याहून मोठं वाक्य लागत नसावं. सोमलिंगनं दोरी उचलली आणि स्वतःच्या काखेखालून गुंडाळून गाठ मारली.

नीलम्मानं त्याचा हात धरला. भीतीनं तिच्या तोंडी माहेरची कानडी आली. "ब्याडरी! नगा, ब्याडरी!"

"दम कोंडून उतरतो. दोन पाट्या भरतो, वर येतो," तो म्हणाला. तो हसलाही, पण ते हसू आईला दाखवायचं होतं. मग पाय सोडून, खांदे आकसून तो तोंडातून आत गेला.

ज्वारीवर पाय पडल्याचा आवाज आला. पाटी घासल्याचा आला. मग, "अप्पा, हितं..." एवढंच, आणि पुढचा शब्द आलाच नाही. दोरी सैल पडली.

"सोमा?"



तिघांनी दोरी ओढली. भरल्या अंगाचा माणूस शुद्धीत असताना वेगळा असतो आणि नसताना वेगळा. तो हातभर उचलला गेला आणि तिथंच लोंबकळू लागला. कल्याणप्पाचे पाय सारवणावरून घसरले. दोरी गंगम्माच्या तळव्यातून सरकली, कातडं घेऊन गेली. पेवातून येणाऱ्या वासानं तिघांनाही गरगरू लागलं.

"माणसं बोलवा," नीलम्मा म्हणाली आणि दोरी सोडून दाराकडे धावली.

तिच्या आधी कल्याणप्पा तिथं पोहोचला. त्यानं अडण्याला पाठ लावली.

"थांब, थांब जरा. आपुनच वढू. दार उघडलं की समदं गाव आत. कुणीतरी चावडीवर जाऊन सांगंल..."

"सांगू द्या!"

"बेड्या पडतील ग!"

"तुमचा ल्योक मरतोय, मामंजी!"

त्याला ते ऐकू येत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण पाठ अडण्यावरून हलत नव्हती. जणू ती दुसऱ्याच कुणाची पाठ होती. किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. भाकरी एका अंगानं भाजायला लागतो तेवढा असेल. मग गंगम्मा आली. सालपटलेल्या, रक्ताळलेल्या हातांनी तिनं नवऱ्याची गळपट्टी धरली आणि पोत्यासारखं त्याला बाजूला लोटलं. "सरका!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. अडणा नीलम्मानं काढला.

समोरच्या ओट्यावर जैनबबी अंबाडीची पानं खुडत बसली होती. दारातून बाहेर पडलेला वास तिला लागला आणि एका श्वासात तिला सगळं कळलं: सकाळचं जातं, सकाळचं 'न्हाय', सगळं. तिनं त्यातलं काही बोलून दाखवलं नाही. सूप फेकून ती धावत आली.

"अगे, दोनी दारं खोलो! घोंगडं काढ! कोई हाय का, दौडो!"

बाजाराला न गेलेले म्हातारे आले, बाळंतीण आली, देवळापुढचा जंगम स्वामी आला. सगळ्यांचे हात दोरीला लागले. जात कुठली, हात कुठला, कुणी विचारलं नाही. सोमलिंग वर आला. ओठ निळे, धोतराच्या घोळात ज्वारी. जैनबबीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तळवे चोळले, छाती चोळली, नाव घेऊन गालावर चापट्या मारल्या. नीलम्मा त्याच्या तोंडाशी कान लावून बसली. तिथं काही ऐकू येत नव्हतं, तरी ती बराच वेळ तशीच बसून राहिली, आणि तिला उठवायचं धाडस कुणाला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला लिंगायतांच्या रिवाजानं बसवून माती दिली. नीलम्माच्या बांगड्या गंगम्मानं उतरवल्या. तिचे हात फडक्यांनी बांधलेले होते, त्यामुळे वेळ लागला.

आणि लेव्हीचं पथक जळकोटला आलंच नाही. ते अणदूरहून परस्पर तुळजापूरकडे गेलं.

आता हे मरण कुठल्या खात्यावर मांडायचं? लढाईत मेलेल्यांच्या याद्या निघतात, त्यांत सोमलिंगचं नाव असणार नाही. त्याला गोळी लागली नाही. ज्या जर्मनाला आणि जपान्याला त्याचा बाप रोज दुकानात शिव्या घालायचा, त्यांना जळकोट कुठं आहे हेही माहीत नव्हतं. उघड्या दारानं जो वाचला असता तो बंद दाराआड मेला, आणि दाराला पाठ लावून उभी होती ती भीती. मोठ्या देशांच्या दारांनाही तीच उभी असते. फरक इतकाच, की तिथं पेवात उतरवायला परक्यांची पोरं मिळतात.

तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या गिऱ्हाइकाची गाडी दारात आली. गाडीवान तोंड पाडून म्हणाला, "वाईट झालं, मालक. पर व्यवहार व्यवहाराच्या जागी. भाव आणखी चढलाय."

कल्याणप्पा ओसरीत भिंतीला टेकून बसला होता.  उत्तर आलं उंबऱ्यातून. नव्या विधवेनं महिनाभर कोपऱ्यात बसायचं, पुरुषमाणसाला तोंड दाखवायचं नाही, असा त्या घराचा रिवाज. नीलम्मा उंबऱ्यात उभी होती.

"गाडी रिकामी न्या, दादा. ही जवारी नाका वलांडायची न्हाय."

"मालक, ह्ये काय?" गाडीवानानं विचारलं.

कल्याणप्पानं सुनेकडे पाहिलं, मग उघड्या दारातून माजघरातल्या पेवाकडे. पेव दोन दिवस उघडं होतं. त्यात सकाळी सोडलेला दिवा खाली ज्वारीवर अजून शांत जळत होता. त्यानं मान फिरवली.

"ती म्हणती तसं," तो म्हणाला.

त्या दुपारी गावातल्या माणसांनी पाट्यांनी ज्वारी वर काढून पोत्यांत भरली आणि नीलम्मानं दारात शेराचं माप घेऊन ज्वारी घातली. लढाईच्या आधीच्या भावानं. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला उधार. लेव्हीचा वाटा बाजूला काढला. गंगम्मा शेजारी बसून पोत्यांची तोंडं धरत होती. जैनबबीची पाळी आली तेव्हा गंगम्माला वर बघवेना. जैनबबीनं ओटी पुढं केली, भरून घेतली, आणि जाता जाता गंगम्माच्या बांधलेल्या हातांवरून आपला हात फिरवला.

गोष्ट इथं संपवता आली असती तर वाचकालाही बरं वाटलं असतं.

दिवेलागणीला नीलम्मा ओट्यावर आली. एरवी त्या वेळी गल्लीत दारं उघडी असत, चुलींचा धूर बाहेर येई, बायका एकमेकींना हाका मारत. आज एकेक दार आतून लागत होतं. कड्यांचे आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत तिला ठक्, ठक् असा आवाज ऐकू आला. कुणीतरी पहारीनं जमीन उकरत होतं.

आवाज समोरून येत होता. जैनबबीच्या घरातून.

 नीलम्माला राग आला नाही. ज्या बाईला सरकार नवऱ्याचा ठावठिकाणा सांगत नाही, तिनं उद्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? चार शेरांसाठी खड्डा. आज चार, उद्या आठ. आणि त्या आवाजाला कान देऊन शेजारचं घरही पहार शोधत असेल.

घरातून गंगम्मानं हाक मारली, "नीलू, आत ये ग. लोक बघतील."

ती आत गेली नाही. गल्ली ओलांडून तिनं जैनबबीच्या दारावर मोकळा हात मारला.

उकरणं थांबलं.

"भाबी, म्या हाय. नीलम्मा. पुरू नका. संपली की या, माप माझ्या दारातच ठेवलंय. दार उघडंच ऱ्हाईल."

आत कुणीतरी श्वास धरून उभं होतं. फटीतून ते जाणवत होतं. कडी हलली नाही. नीलम्मानं पदर खोचला आणि पुन्हा दार वाजवलं.